धानाचा कट्टा आणि त्याच्यामागचे कागद

१. सगळं ऑनलाइन, मग चुकारा का अडतो?

दिवाळी उलटली की गोंदिया जिल्ह्यात धानाचे काटे सुरू होतात. आमगाव असो, देवरी असो की अर्जुनी मोरगाव, आधारभूत खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टर उभे राहतात आणि त्या गर्दीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "सातबारा ऑनलाइन, नोंदणी ऑनलाइन, पैसाही थेट खात्यात. मग चुकारा अडतो कुठे?"

प्रश्न रास्त आहे. तो फक्त शेतकऱ्याचा नाही. राईस मिलचा मालक विचारतो, पुरवठादाराचं बिल पंधरा दिवस कुणाच्या टेबलावर होतं? जमीन विकत घेतलेला माणूस विचारतो, खरेदीखत झालं, मग सातबाऱ्यावर माझं नाव अजून का नाही? सगळ्यांना हवं असलेलं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. कागद एका हातातून दुसऱ्या हातात कसा जातो, हे आधी समजून घ्यावं लागतं.

गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, मुख्य पीक धान, आणि शहराची ओळख तांदळाच्या गिरण्यांची. शेत, खरेदी केंद्र, मिल, गोदाम, रेल्वे, बँक आणि सरकारी कचेऱ्या इथे एकाच मालाभोवती काम करतात. त्यामुळे संगणक कागदाला कसा चालवतो, हे शिकायला याहून सोयीची जागा शोधावी लागत नाही.

२. फाइल चालते म्हणजे काय?

कोणताही व्यवहाराचा कागद तीनपैकी एक काम करतो. तो माहिती देतो, परवानगी देतो किंवा पुरावा म्हणून उरतो. काट्याची पावती माहिती देते, गोदामातून धान उचलण्याचा आदेश परवानगी देतो, आणि तांदूळ जमा झाल्याची पोच पुरावा म्हणून राहते. या कागदांना ठरलेला क्रम असतो. काट्याशिवाय बिल नाही, बिलाशिवाय चुकारा नाही.

जुन्या पद्धतीत हा क्रम माणसं सांभाळत. शिपाई फाइल न्यायचा, कारकून आकडे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवायचा, साहेब सही करायचे. साहेब दौऱ्यावर गेले की फाइल थांबायची. ती थांबली आहे हे कळायलाही कुणाला तरी खेटे घालावे लागत.

पुष्कळ कचेऱ्यांना वाटतं की कागद स्कॅन करून ईमेलने पाठवला म्हणजे कारभार संगणकीकृत झाला. तसं नाही. स्कॅन हा कागदाचा फोटो. त्यावर लिहिलेले '४०' हे क्विंटल आहेत की कट्टे, हे प्रणालीला आपोआप कळत नाही. माहिती वेगवेगळ्या रकान्यांत भरली, म्हणजे नाव एका रकान्यात, गट क्रमांक दुसऱ्यात, वजन तिसऱ्यात, तरच संगणक तिची बेरीज करू शकतो, तुलना करू शकतो आणि चूक पकडू शकतो.

कोणता कागद, कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर, कोणाकडे आणि किती मुदतीत जायचा, हे आधी ठरवायचं आणि ते नियम संगणकाकडे सोपवायचे, यालाच दस्तऐवजांचा स्वयंचलित वर्कफ्लो म्हणतात. आपल्याकडे त्याला कायद्याचा पाया माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने दिला. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदींना व डिजिटल स्वाक्षरीला मान्यता मिळाली. सही पडद्यावर चालू लागली, तेव्हाच कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत संगणकात राहू शकला.

३. शंभर कट्ट्यांचा माग

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. अर्जुनी मोरगाव तालुक्यातली एक शेतकरीण आहे असं समजू. तिच्याकडे १.२ हेक्टर धान आहे आणि हंगाम २०२४-२५चा आहे.

पहिली नोंद काट्यावर होत नाही, बांधावर होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. ही नोंद सातबाऱ्याच्या पीक पाहणीत जाते. आपल्या शेतकरणीने धानाची नोंद केली, म्हणजे या गटात यंदा धान आहे, हे पुढच्या सगळ्या कागदांना माहीत झालं.

दुसरी पायरी खरेदीच्या नोंदणीची. जिल्ह्यात ही खरेदी मुख्यतः राज्य सहकारी पणन महासंघ करतो आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. गावपातळीवरचं प्रत्यक्ष काम खरेदी-विक्री संघ आणि सहकारी संस्था बघतात. सातबारा, नमुना आठ-अ, आधार आणि बँक पासबुक यांची माहिती पोर्टलवर भरली जाते. अलीकडच्या हंगामांत शेतकऱ्याने केंद्रावर येऊन थेट फोटो देण्याची अटही आली. दुसऱ्याच कुणी त्याच्या नावावर माल घालू नये, हा तिचा हेतू.

तिसरी पायरी मर्यादेची. हेक्टरी किती धान घ्यायचं याची मर्यादा ठरलेली असते. उदाहरणासाठी ती ३५ क्विंटल धरू. १.२ गुणिले ३५ म्हणजे ४२ क्विंटल. हा गुणाकार संगणक करतो. शेतकरणीने ४० क्विंटल आणलं तर नोंद पुढे जाते, ५० आणलं तर ती तिथेच थांबते.

मग काटा. ग्रेडर धानाचा नमुना पाहतो. ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर माल आधारभूत खरेदीत बसत नाही. मापात उतरलेला माल ४० किलोच्या कट्ट्यांत भरतात. शंभर कट्टे म्हणजे ४० क्विंटल. त्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत दर क्विंटलला २,३०० रुपये होता, म्हणून बिल झालं ९२,००० रुपयांचं. केंद्रावरची ही खरेदी पोर्टलवर चढवणं म्हणजे लॉट एन्ट्री. ती झाली की बिल मंजुरीला जातं आणि मंजुरीनंतर रक्कम खात्यात जाते.

धानाचा प्रवास मात्र अजून निम्माच झालेला असतो. ते भरडाईला जातं. करार केलेल्या मिलला उचल करण्याचा आदेश मिळतो, त्याला सगळे 'डीओ' म्हणतात. कच्च्या तांदळासाठी उतारा ६७ टक्के धरतात, म्हणजे या ४० क्विंटलच्या बदल्यात मिलने २६.८० क्विंटल तांदूळ गोदामात जमा करायचा.

आता काट्यावर भरलेला '४०' हा एकच आकडा किती ठिकाणी लागला ते मोजा. शेतकरणीच्या बिलात, केंद्राच्या साठ्यात, खरेदी संस्थेच्या देण्यात, मिलच्या डीओत आणि गोदामाच्या येण्यात. वह्यांच्या काळात तो पाच वेळा लिहिला जायचा आणि पाच जणांच्या हातून चुकू शकायचा. तो एकदाच लिहायचा आणि पाचही ठिकाणी तोच वापरायचा, हा स्वयंचलित कागदाचा सगळ्यात मोठा फायदा. वेग त्याच्यानंतर येतो.

४. मिलच्या यंत्रांतून समजून घेऊ

गोंदियाच्या वाचकाला ही रचना समजवायला राईस मिलच पुरेशी आहे. मिलमध्ये धान आलं की आधी चाळणीत काडीकचरा निघतो. मग दगड वेगळे होतात, टरफल निघतं, तांदळाला पॉलिश होतं, कणी बाजूला होते. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात माल एलिव्हेटर नेतो, कुणी टोपली उचलत नाही. शेवटी सॉर्टेक्स यंत्र रंग बिघडलेला दाणा हेरून हवेच्या झोताने बाहेर फेकतं, आणि चांगला माल पोत्यात पडतो.

संगणकातला कागदही असाच चार कामांतून जातो. पहिलं काम घेणं: माहिती ठरलेल्या रकान्यांत, एकदाच. दुसरं तपासणं: रकाना रिकामा नाही ना, आकडा मर्यादेत आहे ना, तोच सातबारा दुसऱ्या केंद्रावर वापरलेला नाही ना. तिसरं पुढे पाठवणं: नियमात बसलेला कागद कुणी न नेता पुढच्या माणसाकडे जातो. चौथं माग ठेवणं: कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद आपोआप उरते.

सॉर्टेक्सने बाजूला काढलेल्या दाण्यांसाठी मिलमध्ये वेगळं पोतं लावलेलं असतं. ते भरतं, दिसतं, कुणीतरी ते रिकामं करतं. कागदांच्या रचनेतही नियमात न बसलेल्या अर्जांसाठी अशी जागा आणि ती पाहणारा माणूस लागतो. ज्या प्रणालीत ही सोय नसते, तिथे अर्ज 'प्रलंबित' म्हणून पडून राहतो. का पडलाय हे अर्जदाराला कळत नाही आणि कर्मचाऱ्यालाही सांगता येत नाही.

५. हिशेब खात्यात: तीन कागदांचा मेळ

मोठ्या कंपन्यांत सगळ्यात आधी स्वयंचलित होणाऱ्या कामांत पुरवठादाराचं बिल असतं. एका मिलने तांदळासाठी २५ किलोच्या छापील पिशव्या मागवल्या: ५,००० नग, दर २० रुपये. हा झाला खरेदी आदेश. माल आला तेव्हा गोदामवाल्याने मोजून ४,८०० नगांची आवक नोंदवली. पुरवठादाराचं बिल आलं ५,००० नगांचं, एक लाख रुपयांचं.

आदेश, आवक आणि बिल हे तीन कागद प्रणाली शेजारी ठेवते. दर जुळतो, नग जुळत नाहीत. २०० पिशव्यांचा, म्हणजे ४,००० रुपयांचा फरक आहे. बिल थांबतं, खरेदी विभागाला आणि पुरवठादाराला कारणासह निरोप जातो. तिन्ही कागद जुळले असते, तर बिल थेट मंजुरीला गेलं असतं. मंजुरीचेही नियम लिहिता येतात: ठरावीक रकमेपर्यंत व्यवस्थापक, त्यावर मालक.

यात हिशेबनीसाचं काम जात नाही, बदलतं. जुळणारी बिलं तपासत बसण्याऐवजी तो न जुळणाऱ्या मोजक्या बिलांकडे लक्ष देतो. त्याचा अनुभव जिथे लागतो तिथेच त्याचा वेळ जातो.

६. रस्त्यावर: मालाबरोबर धावणारा कागद

समजा, त्याच मिलने लेबल लावलेल्या २५ किलोच्या पिशव्यांतला तांदूळ मुंबईकडे पाठवला. अशा पिशवीबंद तांदळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. वर्षाची उलाढाल ५ कोटींहून अधिक असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचं बिल ई-इनव्हॉइस म्हणून नोंदवावं लागतं. नोंदणी झाली की बिलाला स्वतःचा क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो.

याच माहितीतून ई-वे बिलाचा मालाविषयीचा भाग भरता येतो, वाहनाचा क्रमांक नंतर जोडला जातो. दोन्ही टोकांच्या पिनकोडवरून प्रणाली अंतर काढते. मुदत साधारणपणे प्रत्येक २०० किलोमीटरला, किंवा उरलेल्या भागाला, एक दिवस. अंतर ९५० किलोमीटर धरलं तर मुदत ५ दिवसांची. ट्रक वाटेत बिघडला तर वाहन बदलता येतं, मुदत वाढवता येते, आणि हे बदल नोंदीत राहतात.

तेच बिल पुढे विकणाऱ्याच्या विवरणपत्रात आणि घेणाऱ्याच्या करवजावटीच्या नोंदीत पोहोचतं. काट्यावरच्या '४०'सारखाच हा प्रकार: एकदा लिहिलेली माहिती विक्री विभाग, ट्रकवाला, कर विभाग आणि ग्राहक असे चौघे वापरतात.

७. तलाठ्याकडे: मुद्दाम ठेवलेला थांबा

जमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीतून महसूल खात्याकडे जाते. तलाठी, ज्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, फेरफाराची नोंद घेतो आणि संबंधितांना नमुना ९ची नोटीस काढतो. हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण तक्रारींच्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ते १५ दिवस म्हणजे दिरंगाई नाही. बहिणीचा हिस्सा वगळून भावाने जमीन विकली असेल, तर बहिणीला बोलायला मिळालेली ती मुदत आहे. संगणक ती शून्यावर आणू शकतो, पण आणू नये. वर्कफ्लो आखताना कोणता थांबा निव्वळ सवयीचा आणि कोणता कुणाच्या हक्काचा, हे माणसालाच ठरवावं लागतं.

८. दवाखाना आणि पगार

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयातला आरोग्यमित्र रुग्णाची नोंदणी करतो, रुग्णालय उपचाराची पूर्वमंजुरी ऑनलाइन मागतं, आणि उपचारानंतर तपासण्यांच्या अहवालांसह दावा पाठवतं. पण अपघाताचा रुग्ण रात्री आला तर? त्यासाठी फोनवरून तातडीची मंजुरी घेण्याची वाट वेगळी आखलेली आहे. नियमाला धक्का न लावता निकडीच्या प्रसंगासाठी दुसरी वाट आधीच ठेवणं, हे चांगल्या रचनेचं लक्षण.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची पगारबिलं 'सेवार्थ' प्रणालीतून तयार होऊन कोषागाराकडे जातात. दर महिन्याला तेच काम, तेच नियम, तेच लोक: असं काम संगणकाकडे सोपवायला सगळ्यात सोपं.

९. तर मग चुकारा अडतो कुठे?

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. अडण्याच्या जागा चार आहेत.

पहिली, नोंदी एकमेकींशी न जुळणं. सातबाऱ्यावर 'देवकाबाई', आधारवर 'देवका', बँकेत नवऱ्याच्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं. माणसाला ही एकच बाई दिसते, संगणकाला तीन दिसतात. सामाईक खात्याच्या सातबाऱ्यात इतर खातेदारांची संमती हवी असते. बँका विलीन झाल्यावर शाखेचा कोड बदलला आणि पासबुक जुनंच राहिलं, तरी पैसे परत फिरतात.

दुसरी, खरी साधनं अपुरी असणं. गोदाम भरलेलं असेल तर काटा बंद होतो. डीओ उशिरा निघाले तर केंद्रावर धान पडून राहतं आणि त्यात घट येते. देवरी किंवा सालेकसाच्या जंगलपट्टीतल्या गावात रेंज नसेल, तर शेवटच्या तारखेला पोर्टल असून नसल्यासारखं.

तिसरी, पैसाच न येणं. प्रणाली बिल मंजुरीपर्यंत नेते, निधी निर्माण करत नाही. खरेदी संस्थेकडे रक्कम आली नाही, तर बिनचूक बिलसुद्धा थांबतं. पुष्कळदा चुकारा अडतो तो इथे, आणि अशा वेळी पोर्टलला दोष देऊन भागत नाही.

चौथी सगळ्यात गंभीर: खोटी नोंद. व्यापाऱ्याचं धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर घातलं, तर रकाने सगळे बरोबर भरतात. प्रणालीला कागद खरा दिसतो. गोदामात जाऊन कट्टे मोजणारा प्रामाणिक माणूस नसेल, तर संगणक खोटं कामही तितक्याच वेगाने पुढे नेतो. मागाची नोंद उरते म्हणून ते पुढे पकडता येतं, एवढाच आधार.

१०. आपल्या संस्थेत सुरुवात करताना

वाचकांपैकी कुणी सहकारी संस्था चालवत असेल, कुणाची मिल असेल, कुणी शाळेची कचेरी सांभाळत असेल. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एक काम करावं. आपल्याकडचा सगळ्यात जास्त अडणारा एकच कागद निवडावा आणि त्याचा पूर्ण रस्ता कोऱ्या कागदावर काढावा: तो कुठून येतो, कोण काय लिहितं, कोण सही करतं, किती दिवस कुठे थांबतो.

मग प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारावा: ही पायरी काढली तर कुणाचं नुकसान होईल? कुणाचंच नसेल तर ती काढून टाकावी. फुकटची सही संगणकात घातली तर ती फुकटची डिजिटल सही होते. उरलेल्या पायऱ्यांचे नियम साध्या मराठीत लिहावे. जे काट्यावरच्या मुलाला वाचून कळत नाहीत, ते नियम प्रोग्रॅमरलाही कळलेले नसतात. आणि अडलेल्या कागदासाठी एक माणूस, त्याचं नाव, फोन आणि मुदत ठरवून भिंतीवर लावावी.

नोंद झाल्यावर मिळालेला एसएमएस आणि पावती शेतकऱ्यानेही जपून ठेवावी, आधार, सातबारा आणि पासबुकातली नावं हंगामापूर्वी एकदा ताडून पाहावी. आणि केंद्रावर 'साइट बंद आहे' हे उत्तर मिळालं, तर तिथेच न थांबता कोणत्या पायरीवर, कोणाकडे आणि कधीपासून अडलंय, हे तीन प्रश्न विचारावे. चांगल्या प्रणालीला या तिन्हींची उत्तरं देता आलीच पाहिजेत. ती मिळेपर्यंत विचारत राहणं हा आपला हक्क आहे.